हिस्लॉपमधला कोच आणि अलाबामाची बस

काल सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉप कॉलेजच्या फाटकापाशी उगाच गाडी थांबवली. १९५३ ते ५६ या काळात जेम्स लॉसन नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी इथं मुलांना खेळ शिकवायचा. कोरियन युद्धासाठी सैन्यात जाणार नाही म्हणून तुरुंग भोगलेला, गांधी वाचून भारावलेला. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्णभेदी बससेवेवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यानं वाचली ती नागपुरातच, पेपरात.

अमेरिकेत परत गेल्यावर नॅशव्हिल शहरात चर्चच्या तळघरात त्यानं कॉलेजच्या पोरापोरींची वर्णभेदाविरुद्धच्या अहिंसक लढ्यासाठी तालीम घेतली. अक्षरशः तालीम. काही जण गुंड व्हायचे. बाकीच्यांना शिव्या द्यायचे, ढकलायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे. हात उचलायचा नाही. अशा मुलांबद्दल लिहिताना आपण हमखास ‘पेटून उठली’ लिहितो. अहो, न पेटण्याचाच रियाज केला होता त्यांनी!

४ मे १९६१ ला १३ जण, काळे-गोरे मिळून, वॉशिंग्टनहून दोन बसनी न्यू ऑर्लिन्सकडे निघाले. आंतरराज्य प्रवाशांसाठी स्टँडवर वेगळ्या वेटिंग रूम ठेवणं बेकायदा, असं सुप्रीम कोर्टानं आधीच्याच डिसेंबरात सांगितलं होतं. दक्षिणेत ऐकतंय कोण? तेच तपासायला ही ‘फ्रीडम राइड’ निघाली होती. १४ मेला अलाबामात अ‍ॅनिस्टनजवळ जमावानं एक बस पेटवली. दुसरीतल्यांना बर्मिंगहॅमच्या स्टँडवर झोडपलं, आणि पोलीस ठरवून उशिरा आले. पहिल्या तुकडीला शेवटी विमानानं जावं लागलं.

इथं सगळं संपायचं. पण नॅशव्हिलमध्ये लॉसनकडे तालीम घेतलेली डायान नॅश म्हणाली, आता आम्ही जातो. केनेडी सरकारच्या माणसानं फोनवर परोपरीनं समजावलं, अगं, कुणीतरी मरेल. तिनं सांगितलं, मृत्युपत्रांवर सह्या काल रात्रीच झाल्यात. वय वर्षं २३. माझी लेकही तेवीसचीच आहे. नऊ वाजता घरात दिसली नाही तर मी फोन लावत सुटतो. त्या पोरांच्या आईबापांचं काय झालं असेल, ते कुणी फारसं लिहीत नाही.

उन्हाळ्याभरात मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये अशा तीनशेहून जास्त प्रवाशांना अटक झाली, लॉसनलाही. पार्चमनच्या तुरुंगात ही मंडळी गाणी थांबवेनात, म्हणून त्यांच्या गाद्या काढून घेतल्या. गाणी चालूच. १ नोव्हेंबरपासून स्टँडवरच्या ‘गोरे’, ‘काळे’ पाट्या उतरवण्याचा हुकूम लागू झाला.

माझं अर्धं आयुष्य नागपुरात गेलं, आणि हा माणूस मला कळला तो २०२४ मध्ये, तो वारल्याची बातमी वाचून. लाजच वाटली.

तेवढ्यात फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, “कोणाले भेटाचं आहे जी?”

काय सांगणार! “कोणाले नाही,” म्हटलं आणि गाडी सुरू केली.