भुयारं नव्हे, घरं

'नीरोच्या छळामुळे ख्रिस्ती लोक रोमच्या भुयारांत लपून उपासना करत, आणि पडद्यावर ते अचूक आलं आहे' हे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांवरच्या चित्रपटांबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. रोमन सम्राट नीरोचा छळ इ.स. 64 नंतरचा, रोममधल्या ख्रिस्ती भुयारी दफनभूमी मात्र साधारण दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासूनच्या. शिवाय त्या मुळात दफनासाठीच खोदलेल्या. रोममधल्या संत कॅलिस्टसच्या भुयारात मी उतरलो आहे. वाट इतकी अरुंद की आमचा गट एकामागून एक सरकत होता, दोन्ही बाजूंना भिंतीत कबरींचे कप्पे. पन्नास-शंभर माणसं तिथे रोज जमतील कुठे? मृतांच्या स्मरणासाठी लोक तिथे जात, ते वेगळं.

खरी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समूह, जमायची घरात. बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय काढून पाहा: प्रिस्का (म्हणजेच प्रिस्किल्ला) आणि अक्विला या जोडप्याच्या घरची मंडळी, किंख्रिया गावातल्या मंडळीची सेविका फीबी. फिलिप्पै शहरात जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाने तर पौलाला आग्रह करून आपल्या घरी उतरवलं. सीरियातल्या दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलंय: मधली भिंत पाडून मोठी केलेली खोली, बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतींवर चित्रं. पडद्यावर मात्र मशाली, कुजबुज आणि सिंहांचं मैदान. एकत्र जेवण, भाकर मोडणं, पत्राचं मोठ्यानं वाचन आणि घर उघडं ठेवणाऱ्या या बायका क्वचितच दिसतात. 2018 च्या 'पॉल, अपॉसल ऑफ क्राइस्ट'मध्ये अक्विला-प्रिस्किल्लाचं घर दिसतं, तेवढ्यासाठी तरी तो लेखात यायला हवा होता.