डिजिटल मॅमोग्राफीवरील आक्षेपांविषयी

नमस्कार.

‘डिजिटल’ हा शब्द केवळ दर वाढवण्यासाठी जोडला जातो, टाटा रुग्णालयाच्या अभ्यासाने हाताने केलेली तपासणीच पुरेशी ठरवली आहे, आणि ज्यांना पुढे कधी त्रासही झाला नसता अशा स्त्रियांना मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) रुग्ण बनवते, असे आक्षेप आपण माझ्या लेखावर घेतले आहेत. शेवटच्या आक्षेपात बरेच तथ्य आहे. टाटाच्या अभ्यासाचा आपण लावलेला अर्थ मात्र मला मान्य नाही.

मुंबईत 1998 मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. दुसऱ्या गटाला केवळ कर्करोगाविषयी माहिती दिली गेली. मॅमोग्राफी कोणत्याच गटात तपासणीची पद्धत नव्हती, त्यामुळे तिच्या उपयुक्ततेबद्दल हा अभ्यास काहीच सांगू शकत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, आणि जिथे यंत्र पोहोचणे कठीण आहे अशा तालुक्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही, याचा उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत राहून गेला आहे.

डिजिटल तंत्राचा खरा फायदा याच वयात दिसतो. तरुण वयात स्तनात ग्रंथींची दाट ऊती अधिक असते; क्ष-किरणांत ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. जुन्या पद्धतीत प्रतिमा फिल्मवर घेतात; ती एकदा धुतली की तिच्यातील काळ्यापांढऱ्याचा फरक कायमचा ठरून जातो, तर डिजिटल प्रतिमेत रेडिओलॉजिस्टला तो पडद्यावर कमीजास्त करता येतो आणि संशयित भाग मोठा करून पाहता येतो. अमेरिका व कॅनडातील 49,528 स्त्रियांना सहभागी करून घेतलेल्या डीमिस्ट चाचणीत प्रत्येकीची फिल्म आणि डिजिटल अशी दोन्ही तपासणी झाली. 2005 च्या तिच्या निष्कर्षांत एकूण अचूकतेत फरक आढळला नाही. पण पन्नाशीच्या आतील, दाट ऊतीच्या आणि रजोनिवृत्ती न झालेल्या किंवा तिच्या आसपासच्या स्त्रियांमध्ये डिजिटल सरस ठरली. चाचणीने मृत्यू नव्हे, अचूकता मोजली होती, हेही सांगायला हवे. म्हणजे साठीच्या बाईला केवळ ‘डिजिटल’ म्हणून जादा पैसे मोजायला लावले जात असतील, तर आपला राग रास्तच आहे.

तपासणीला जाताना काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका असे सांगतात, कारण त्यातले कण प्रतिमेत कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसू शकतात. कॅल्शियमचे खरे ठिपके अनेकदा दूधनलिकेपुरत्या मर्यादित कर्करोगाची एकमेव खूण असतात, आणि आपल्या शेवटच्या आक्षेपातील अतिनिदानाचा, म्हणजे पुढे त्रास न देणाऱ्या कर्करोगाचेही निदान होण्याचा, प्रश्न बराचसा इथेच उभा राहतो: असे काही कर्करोग आयुष्यभर नलिकेबाहेर पडत नाहीत, पण नेमके कोणते, हे निदानाच्या वेळी खात्रीने ओळखता येत नाही. ब्रिटनमधील स्वतंत्र समितीने 2012 मध्ये मांडलेला हिशेब असा, की पन्नाशीपासून 20 वर्षे 10,000 स्त्रियांना तपासणीसाठी बोलावले, तर 43 मृत्यू टळतात आणि 129 जणींवर अनावश्यक निदानाची वेळ येते. ज्या शिबिरात हे न सांगता सरसकट ‘तपासून घ्या’ म्हटले जाते, तिथे स्त्रीची संमती मला अपुरी वाटते. हे आकडे ऐकून एखादीने नको म्हटले, तर तो तिचा अधिकार आहे.

आपल्या 44 वर्षांच्या बहिणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला आणि सहा महिन्यांत तिच्या हाताला गाठ लागली, असे आपण शेवटी लिहिले आहे. त्या अहवालात ऊतीच्या घनतेची नोंद ‘सी’ किंवा ‘डी’ (‘ए’ ते ‘डी’ श्रेणींपैकी दाट ऊतीच्या दोन) आहे का, ते कृपया पाहावे. असल्यास मॅमोग्राफीत गाठ झाकली जाण्याची शक्यता अधिक असते. मात्र नोंद काहीही असली तरी, हाताला गाठ लागली असताना जुन्या नॉर्मल अहवालावर विसंबता येत नाही. डॉक्टरांकडून तपासणी, सोनोग्राफी आणि त्यांना गरज वाटल्यास सुईची बायोप्सी, हे याच आठवड्यात करून घ्यावे.