‘पाच वर्षांच्या आत नस सैल करून घ्या’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक मजकूर व्हॉट्सॲपवरून फिरतो आहे. मूल चवड्यांवर चालत असेल तर पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पोटरीची नस सैल करून घ्यावी, बारीक छिद्रातून अर्ध्या तासात काम होते, मूल त्याच दिवशी घरी येते, टाच टेकली की ते चालू लागते, फिजिओथेरपीची गरज उरत नाही आणि पाच वर्षांनंतर कशाचाच उपयोग होत नाही, असे त्यात म्हटले आहे. सोबत शस्त्रक्रियेनंतर चालू लागलेल्या एका मुलाची चित्रफीतही आहे. माझ्या भाचीचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. हा मजकूर वाचून तिने एका ठिकाणी आगाऊ रक्कम भरण्याची तयारी सुरू केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातले सर्वांत घातक विधान टाचेविषयीचे आहे. सेरेब्रल पाल्सीत इजा मेंदूला झालेली असते. पोटरी ताठरते ती मेंदूकडून येणाऱ्या चुकीच्या संदेशांमुळे, आणि या वयात अनेक मुलांमध्ये स्नायू प्रत्यक्षात आखूड झालेलाच नसतो. भाचीच्या मुलाचे पाऊल तो गाढ झोपेत असताना सहज वर वळते. उभा राहिला की टाच उचलली जाते आणि बुटाचे पुढचे टोक झिजते. अशा ताठरपणासाठी ताण देण्याचे व्यायाम, स्प्लिंट, टप्प्याटप्प्याने बदलायचे प्लास्टर आणि निवडक मुलांमध्ये ताठर स्नायू तात्पुरता सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शने हे उपाय आहेत. बोटॉक्सचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो, ही पालकांची तक्रार खरी आहे. परंतु ओसरणारा उपाय चुकला तर चूकही ओसरते, कापलेल्या कंडरेबाबत (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिला त्या मजकुरात ‘नस’ म्हटले आहे) तसे होत नाही.

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो, खालचा गुडघ्याखालून; दोघे मिळून टाचेच्या एकाच कंडरेला जोडलेले असतात. म्हणूनच जाणकार अस्थिशल्यविशारद गुडघा वाकवून आणि मग सरळ करून, असे दोनदा पाऊल वर वळवून पाहतात. गुडघा वाकवल्यावर पाऊल वर येत असेल आणि सरळ केल्यावर अडत असेल, तर अडचण फक्त वरच्या स्नायूची असते. अशा वेळी टाचेची कंडराच सैल केली तर खालचा निर्दोष स्नायूही दुबळा होतो, आणि उभे असताना नडगीला पुढे कोसळू न देण्याचे काम प्रामुख्याने तोच करतो. टाच टेकते, घरात आनंद होतो. पण वजन आणि उंची वाढू लागली की नडगी पुढे झुकते, गुडघे वाकलेलेच राहतात, आणि दोन्ही पायांना ताठरपणा असलेल्या मुलांमध्ये हा धोका विशेष असतो. आखडलेल्या टाचेवर पुढे पुन्हा उपचार करता येतो, मात्र प्रमाणाबाहेर सैल झालेली कंडरा पूर्ववत करणे अतिशय कठीण असते. शिवाय लहान वयात केलेली शस्त्रक्रिया हाडांच्या वाढीबरोबर निष्प्रभ होऊन टाच पुन्हा उचलली जाण्याची शक्यता अधिक असते. दरवर्षी एकेक स्नायू कापत जाण्याच्या जुन्या पद्धतीला टोरंटोचे शल्यविशारद मर्सर रँग यांनी ‘बर्थडे सिंड्रोम’ असे नावच दिले होते. चालू शकणाऱ्या मुलांमध्ये आता चालण्याचे नीट विश्लेषण करून, जमेल तेथे सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, गरजेच्या सर्व दुरुस्त्या एकाच वेळी करण्याकडे कल आहे.

पाच वर्षांच्या मुदतीत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. कॅनडातील ऑन्टॅरिओमध्ये 657 मुलांची वेळोवेळी तपासणी करून 2002 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हालचालींच्या क्षमतेनुसार मुलांच्या पाच पातळ्या मानतात; पहिली सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत गंभीर. पहिल्या पातळीतील मुले आपल्या एकूण क्षमतेचा 90 टक्के भाग सरासरी 4.8 वर्षांपर्यंत गाठतात, तर पाचव्या पातळीतील मुले 2.7 वर्षांपर्यंत. याचा अर्थ या वर्षांत खेळ, सराव आणि व्यायाम यांना तोड नाही, एवढाच होतो. त्याआधी कंडरा कापावी असे त्या अभ्यासात कोठेही म्हटलेले नाही. उलट याच आकड्यांनी ती चित्रफीत निकालात निघते, कारण साडेतीन-चार वर्षांचे मूल शस्त्रक्रियेविनाही प्रगती करतच असते. चित्रफितीतील मुलाची पातळी कोणती, आधी ते किती चालत होते आणि आज पाच वर्षांनी ते कसे चालते, यांपैकी काहीही सांगितलेले नाही.

फिजिओथेरपी लागत नाही, हे विधान तर उघड खोटे आहे. शस्त्रक्रियेनंतर स्नायू आधी दुबळा होतो. त्याला बळ देण्यासाठी कित्येक महिने मेहनत घ्यावी लागते आणि ती घेणे शक्य नसेल तर शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी. त्याच दिवशी घरी जाण्याबद्दल एवढेच म्हणता येईल की छिद्र लहान असल्याने निर्णय लहान होत नाही.

मला सर्वाधिक संताप आला तो या मजकुरात जे नाही त्याचा. त्यात खुब्याचा उल्लेखच नाही. ताठर स्नायूंच्या ओढीने मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतो, आणि सुरुवातीला मुलाला काहीही दुखत नाही. ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत साधारण एकतृतीयांश मुलांमध्ये हे आढळले. पहिल्या पातळीतील एकाही मुलात ते नव्हते, पाचव्या पातळीतील दहापैकी नऊ मुलांत होते. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून अशा मुलांचे ठरावीक काळाने एक्स-रे काढून वेळीच उपचार केले गेले आणि खुबा निखळण्याचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले. पहिला एक्स-रे दोन वर्षांच्या सुमारास काढायचा असतो, पुढचे मुलाच्या पातळीनुसार सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. गोळा सरकत असल्याचे त्यात दिसले तर मात्र मूल तीन वर्षांचे असले तरी शस्त्रक्रियेचा विचार लगेच करावा लागतो, मग त्याची टाच टेकत असो वा नसो.