‘सभागृहात बोलून घागर भरत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेले गणपतराव देशमुख आणि त्या तालुक्याचा पाणीप्रश्न यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. तिच्याखाली नाव नाही, त्यामुळे मी नुसते ‘आपण’ म्हणतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात असे: गणपतराव ‘सलग’ अकरा वेळा निवडून आले हे विधान चुकीचे आहे, कृष्णेवरील टेंभू उपसा योजनेचे पाणी तालुक्यात यायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर लेखात नाही, उपसा योजनांचे वीजबिल आणि पाणी नेमके कोणाच्या शेतात गेले, याचा हिशेब लेखकाने टाळला आहे. आणि शेवटी हे वाक्य: ‘पुण्यात नळाखाली बसून सांगोल्याच्या आमदाराची आरती ओवाळणे सोपे आहे, पण सभागृहात बोलून कुणाची घागर भरत नाही.’

पहिली चूक माझीच आहे आणि ती मी विनातक्रार मान्य करतो. गणपतराव १९६२ पासून २०१४ पर्यंत अकरा वेळा निवडून आले, परंतु सलग नव्हे. १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला होता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुढे १९९९ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा पाठवले. हे मला ठाऊक असूनही लिहिण्याच्या ओघात तो शब्द गेला. दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. टीका मला नवी नाही आणि मी तिच्यापासून पळत नाही. परंतु मुद्दा मांडणे वेगळे आणि समोरच्या माणसाला त्याच्या पत्त्यावरून निकालात काढणे वेगळे. मी कोठे राहतो हे आपण पाहिलेत. मी कोठून आलो हे विचारावेसे आपल्याला वाटले नाही. ‘आरती’ हा शब्दही मला लागला. बावन्न वर्षांच्या अवधीत अकरा निवडणुका एकाच पक्षाच्या झेंड्याखाली जिंकणाऱ्या माणसाविषयी आदराने लिहिले, तर ती आरती होत नाही.

माझा जन्म सांगोला तालुक्यातला. माण नदीपासून कोसभर अंतरावर आमचे गाव. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायच्या कामावर जायची, दुपारी सुकडी हा सरकारी कोरडा खाऊ मिळायचा, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी असायच्या. गावातल्या दोन्ही विहिरी संक्रांतीच्या आत तळाला गेल्या होत्या. मग नदीच्या कोरड्या पात्रात कमरेइतका खड्डा उकरायचा, तळाशी पाणी पाझरेपर्यंत काठावर बसून राहायचे आणि वाटीने घागर भरायची. पाणी गढूळ होऊ नये म्हणून वाटी कशी तिरपी धरावी, हे आईने मला शिकवले. माझी थोरली बहीण पहाटे जायची, कारण उन्हे वर आली की त्या खड्ड्यावर पन्नास माणसे असायची. घागर कशी भरते आणि किती वेळात भरते, हे मला कोणी पुण्यात बसून शिकवलेले नाही, आणि आपणही ते मला शिकवू नये, असे मी नम्रपणे परंतु ठामपणे सांगतो.

राहिला पुण्याचा नळ. मी १९८४ मध्ये नोकरीसाठी येथे आलो. आज ज्या भागात राहतो तो काही वर्षांपूर्वीपर्यंत खेडेच होता, आणि आमच्या इमारतीत फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत टँकर येतो. परंतु मी नळाखालीच बसलेलो असतो, तरी काय बिघडले असते? मुळा-मुठेतून या शहराचे सांडपाणी भीमेत जाते, भीमा उजनी धरणात जाते, आणि उजनीतून सुटलेले पाणी पंढरपुरावरून पुढे जाते. तेथून उचललेल्या पाण्यावर शिरभावीची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना चालते आणि सांगोल्यातील ऐंशीच्या आसपास गावे ते पाणी पितात. म्हणजे पुण्यात जे सोडले जाते, ते माझ्या गावाकडच्या भावकीच्या घागरीपर्यंत पोचते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते; त्यातून शहरालाही द्यायचे असते आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीलाही. शहराची मागणी वाढली की कालव्याच्या आवर्तनाचा, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या पाळीचा, प्रश्न उभा राहतो. अशा शहरात राहणाऱ्याने दुष्काळी तालुक्याविषयी लिहू नये, हा न्याय मला कळलेला नाही. उलट लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावरच अधिक आहे.

आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग: सभागृहात बोलून घागर भरत नाही. हे वाक्य ऐकायला धारदार आहे आणि म्हणूनच ते मला धोक्याचे वाटते. आपण विधिमंडळाच्या कामकाजाची कार्यवृत्ते कधी उघडून पाहिली आहेत काय? पाहिली असती, तर हे इतक्या सहज लिहिले नसते.

गणपतराव शेतकरी कामगार पक्षाचे. दोनदा मंत्री झाले तो काळ सोडला, तर त्यांची हयात बहुतांशी विरोधी बाकांवर गेली. अशा आमदाराच्या हाती निधी नसतो, खाते नसते. त्याच्याजवळ मंत्र्याला जाब विचारण्याची साधने तेवढी असतात: तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, अर्ध्या तासाची चर्चा असते आणि मागण्यांवरील कपात सूचना असते. प्रश्न विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, उत्तरासाठी मंत्रालयातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्यातून तालुक्याकडे माहिती मागवली जाते, आणि महिनोन्‌महिने टेबलावर पडलेली फाइल निदान एकदा उघडली जाते. मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले, तर ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. हे सगळे संथ आहे, कंटाळवाणे आहे, आणि त्यावर टाळ्या मिळत नाहीत. पण ज्या तालुक्यात पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आतच पडतो, त्या तालुक्याच्या प्रतिनिधीला मंत्रालयाचे दार वाजवायला याहून दुसरा हात नाही.

यात वेळेचीही एक अडचण आहे, जी शहरातल्या लोकांच्या आणि बहुधा आपल्याही लक्षात आलेली नाही. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या आसपास होते. टंचाई खरी भडकते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा सभागृह बंद असते. पावसाळी अधिवेशन येते तेव्हा चार सरी पडून गेलेल्या असतात आणि टँकरचा विषय शिळा ठरलेला असतो. म्हणून दुष्काळी भागातल्या आमदाराला मे महिन्याविषयी मार्चमध्ये बोलावे लागते, आणि तेव्हा त्याला आजचे संकट नव्हे तर उद्याचे संकट पटवून द्यायचे असते. टँकरचे पाणी माणशी दिवसाला २० लिटर धरले जाते. केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी १३५ लिटरचा मापदंड आहे. वीस, पंचावन्न आणि एकशे पस्तीस, हे तीन आकडे एका ओळीत ठेवून विचारणारा कोणीतरी सभागृहात उभा राहिला पाहिजे. तो उभा राहिला नाही, तर वीसचे पंचावन्न होण्याची निकडही कोणाला वाटणार नाही.

आणि बोलण्यातून काय निघते, याचे उत्तर माझ्या घरातच आहे. वि. स. पागे हे त्या काळी विधानपरिषदेचे सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत माझ्या आईने पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, तेव्हा ते काम मागणे हा तिचा हक्क होता. बहात्तरच्या खडीच्या कामावर ती केवळ सरकारच्या मर्जीवर उभी होती. हा फरक सभागृहात झालेल्या कायद्याने घडला. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिले आणि ते मे २००० पर्यंत वापरात आणणे निकडीचे झाले. त्या धाकाने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ कायदा करून स्थापन झाले. टेंभू त्याच काळातली. कराड तालुक्यातल्या टेंभूपासून पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याकडे न्यायचे, ही कल्पना कोणत्याही आमदाराच्या एका भाषणातून साकार झाली, असे मी लेखात लिहिलेले नाही. पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर गणपतराव आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षे उभे राहिले, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसे तेथे जमत राहिली, आणि जे परिषदेत ठरले ते सभागृहात कोणीतरी मांडत राहिले. रस्त्यावरची चळवळ आणि सभागृहातला प्रश्न ही एकाच बैलगाडीची दोन चाके होती. आपण त्यातले एक चाक काढून बाजूला ठेवता आणि मग गाडी चालत नाही म्हणता.

टेंभूला उशीर का झाला, वीजबिलाचा भार कोणी उचलायचा आणि डाळिंबाच्या बागांना किती पाणी गेले, हे प्रश्न निराळ्या लेखाचे आहेत. माझा लेख एका लोकप्रतिनिधीविषयी होता, पाटबंधारे खात्याच्या हिशेबाविषयी नव्हता. जे लिहायला घेतलेच नव्हते ते ‘टाळले’ असे म्हणणे मला रास्त वाटत नाही. आपल्याजवळ माहिती असेल तर ती आपण नावानिशी जरूर लिहावी. येथे तिला जागा मिळेल.

आपण कोणत्या गावचे, हे आपण लिहिलेले नाही. आपण सांगोल्याकडचेच असाल, तर माझ्या बोलण्यातली चीड कशाची आहे हे आपल्याला कळेल. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले, तेव्हा गावाकडून माझ्या बहिणीचा फोन आला होता. ती बराच वेळ काही बोललीच नाही. तीच बहीण, जी पहाटे वाळूतल्या खड्ड्यावर जायची. आज तिच्या दारात शिरभावीच्या योजनेचा नळ आहे, रोज नाही पण येतो. तिच्यासमोर उभे राहून आपले ते वाक्य आपण म्हणावे, इतकेच मी सुचवतो.

लेखातला ‘सलग’ हा शब्द आज काढला आहे आणि खाली तशी नोंद केली आहे. बाकीचा लेख होता तसाच आहे.