हार्नेस ट्रॅकच्या होतकरू मॅनेजरसाठी

अभिनंदन! अमेरिकेतला एक हार्नेस ट्रॅक तुमच्या ताब्यात आला आहे. पाठीवर जॉकी बसतो त्या शर्यती वेगळ्या. इथे स्टँडर्डब्रेड जातीचा घोडा सल्की नावाच्या दोनचाकी हलक्या गाडीला जुंपतात, गाडीत ड्रायव्हर बसतो आणि घोड्यानं मैलभर आपली ठरलेली चाल मोडायची नाही. चौखूर उधळला, की ड्रायव्हरनं त्याला बाजूला घेऊन आवरायचं. तुम्हाला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. याहून जास्त कळणारी माणसं बाहेर कठड्याशी उभी असतात आणि त्यांच्याशी बोलायचं नसतं.

तुमचं मुख्य काम शर्यती रद्द करणं. आभाळ भरून आलं की रद्द, इतकं ते सोपं वाटत असेल तर थांबा. हा ट्रॅक गवताचा नसतो. चुनखडीच्या दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलेला असतो, पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. नीट राखला तर मुसळधार पावसातही शर्यती होतात. फलकावर ‘फास्ट’ऐवजी ‘स्लॉपी’ लिहायचं, वेळेत सेकंद-दोन सेकंदांची सूट धरायची, संपलं. अशा ट्रॅकवर शर्यत रद्द करायची म्हणजे मेहनत घ्यावी लागते. तेव्हा सुरुवात चुऱ्यापासून करा. दोन-तीन मोसम नवा थर टाकूच नका. चर तुंबले असतील तर तुंबू द्या. मग हिवाळ्यात एखाद्या दुपारी ऊन पडतं, वरचा दोन बोटं थर मऊ होतो, खालचा तसाच गोठलेला राहतो आणि नाल घसरू लागतात. आता खुशाल हात वर करा आणि म्हणा, निसर्गापुढे कुणाचं चालतं? नाचता येत नसेल तर अंगण आधी वाकडं करून घ्यावं लागतं, ते आपोआप होत नाही.

रद्द कधी करायचं, याला फार महत्त्व आहे. सकाळी तर मुळीच नाही. वादळाचा इशारा दोन दिवस आधीच आलेला असतो, पण तो सर्वसामान्यांसाठी. ट्रेनरला शेजारच्या राज्यातून ट्रेलर ओढत येऊ द्या. लॅसिक्सचं, म्हणजे पळताना फुप्फुसातून रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात त्या औषधाचं, इंजेक्शन घेणारा घोडा तर शर्यतीच्या चारेक तास आधीच हजर करावा लागतो, त्यालाही येऊ द्या. साज चढू द्या, पहिल्या दोन शर्यती होऊ द्या. मग ड्रायव्हर मंडळी खाली उतरून बुटाच्या टाचेनं ट्रॅक उकरून बघतील, जजांशी कुजबुजतील, फोन होतील आणि अर्ध्या तासानं लाउडस्पीकरवरून जाहीर करा: उरलेल्या शर्यती होणार नाहीत. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं आपल्याकडे म्हणतात. इथली गाडी बिचारी हलकी, तेव्हा सगळी भिस्त हेलपाट्यांवरच ठेवावी लागेल.

कधी नाइलाजानं शर्यत घ्यावी लागलीच, तरी वेळेवर घेऊ नका. पडद्यावर ‘शर्यतीला ० मिनिटं’ असं झळकवा आणि तो शून्य तसाच राहू द्या. दादरच्या फलाटावर लोकल ‘येतच’ असते, तितका वेळ. घोडे गोल गोल फिरताहेत, ड्रायव्हर लगाम सावरत कंटाळलेत, घोड्यांना एका रांगेत आणून शर्यत सुरू करून देणारी पंखवाली फाटक-गाडी ट्रॅकवर जागच्या जागी उभी आहे. तेवढ्यात शेवटच्या क्षणी पैज लावणाऱ्यांचे आणखी चार पैसे खिडकीत पडतात आणि त्यातला तुमचा हिस्सा आधीच कापलेला असतो. कठड्याशी एक गृहस्थ उभा असेल, कानटोपी घातलेला, हातात भिजून फुगलेला प्रोग्रॅम, त्यावर पेन्सिलीनं प्रत्येक घोड्याच्या शेवटच्या पाव मैलाची वेळ अधोरेखित केलेली. बोटं गारठल्यामुळे त्याला पान उलटता येत नाही. त्याच्यासाठी आतल्या खोलीचं दार उघडू नका. ती खोली खासगी समारंभाला दिलेली आहे.

हाच गृहस्थ तुम्हाला इतिहास सांगू पाहील. १९२७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला पावसानं हॅम्बलटोनियनचा, म्हणजे या खेळातल्या सर्वांत मानाच्या शर्यतीचा, बेत उधळला, तर तेव्हाच्या लोकांनी ती थेट केंटकीत लेक्झिंग्टनला नेऊन घेतली. १९२९ला पुन्हा तेच झालं, पुन्हा नेली. रद्द करून घरी गेले नाहीत. यावर हसून म्हणा, ‘तेव्हा विम्याचे नियम वेगळे होते.’ खरे-खोटे कुणी तपासत नाही. त्यानं स्वीडन-फिनलंड काढलं, तिकडे नालांना खिळे ठोकून भर हिवाळ्यात बर्फाळ ट्रॅकवर ट्रॉटर, म्हणजे दुडक्या चालीचे घोडे, पळवतात, स्वित्झर्लंडात सेंट मॉरिट्झला तर चक्क गोठलेल्या तळ्यावर, तर खांदे उडवा. परदेशातली गोष्ट आहे म्हणा.

आता मुद्द्याचं. ट्रॅकला लागून कसिनो असेल, बहुतेक असेलच. पेनसिल्व्हेनियानं २००४मध्ये कायदा करून ट्रॅकवाल्यांना स्लॉट मशीनं दिली, त्या कमाईतला वाटा बक्षिसांच्या रकमेत जावा, घोडे जगावेत म्हणून. न्यूयॉर्कातही तीच रीत. म्हणजे शर्यती आहेत म्हणून मशीनं आहेत. ही गोष्ट कुणाच्या लक्षात येणार नाही असं बघा. बर्फ पडला की नांगरगाडी आधी कसिनोच्या पार्किंगकडे वळवा. तिथं दोन तासांत डांबर दिसायला लागतं. ट्रॅकवर मात्र हवामान ‘अत्यंत प्रतिकूल’ असतं. मध्ये फक्त एक जाळीचं कुंपण आहे, पण हवामानाला तेवढं पुरतं. पावसानं झोडपलं आणि राजानं मारलं तर दाद कुणाकडे मागायची? इथे पाऊस आणि राजा एकाच ऑफिसात बसतात, त्यामुळे अर्ज एकाच खिडकीवर नाकारता येतो.

हवामानावर फार विसंबून मात्र राहू नका. फ्लोरिडातल्या पाँपॅनो पार्कचं बघा. १९६४पासूनचा ट्रॅक, हार्नेस रेसिंगची हिवाळी राजधानी म्हणून मिरवणारा. बर्फ नाही, गोठणं नाही, रद्द करायला सबबच नाही. २०२१मध्ये राज्यानं कायदा बदलला, शर्यती न घेताही कसिनो चालवायची मुभा दिली आणि १७ एप्रिल २०२२ला तिथली शेवटची शर्यत झाली. रोजरोज रद्द करण्याची कटकट एका सहीत मिटली. तुमच्या राज्यात असं विधेयक येईतोवर ‘प्रेक्षक येत नाहीत हो’ एवढं वाक्य तोंडपाठ ठेवा. ते का येत नाहीत हे सांगायला तो कानटोपीवाला पुढे येईल, पण त्याचा माइक बंद असेल अशी व्यवस्था तुम्ही केलेली असेलच.

शेवटच्या दिवशी गर्दी होईल. होतेच. वर्षानुवर्षं न फिरकलेलेही नातवंडांना घेऊन येतात. त्या दिवशी वादळ येवो, गारा पडोत, एकही शर्यत रद्द करू नका, वेळही बरोब्बर पाळा. आणि प्रोग्रॅमची किंमत दुप्पट लावा, लोक आठवण म्हणून दोन-दोन घेतात.