वडिलांची चित्रे आणि गावाच्या भिंती

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या घराच्या माडीवर वडिलांनी रंगवलेली २३ तैलचित्रे आहेत. त्यांत विठोबा, ज्ञानेश्वर आणि तुकाराम आहेत, तशीच सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का आणि बसवेश्वरही आहेत. ही चित्रे भजनी मंडळे, वाचनालये आणि महिला मंडळांना भाडे न घेता काही काळ द्यावीत की नाही, यावर घरात वर्षभर वाद चालू आहे. थोरल्या भावाच्या मते फुकट मिळालेल्या वस्तूची कोणाला कदर राहत नाही. काकू म्हणतात, देवाच्या चित्राचे भाडे घेणेच चूक. इंग्लंडमध्ये पंधरा वर्षे राहूनही माझे मत काकूंच्याच बाजूचे आहे, पण भावाची भीती मला खोटी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी तुकारामांचे चित्र नुसत्या शब्दावर एका मंडळाला दिले होते. ते परत आले तेव्हा रंगवलेल्या गंधावर खऱ्या कुंकवाचा थर बसला होता, समईच्या काजळीने खालचा कोपरा काळवंडला होता आणि पावसाळी ओलीने कापड चौकटीवर सैल पडले होते. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. लोकांनी मनोभावे पूजा केली होती.

इंग्लंडमधील मेथॉडिस्ट चर्च या ख्रिस्ती पंथाकडे आधुनिक ख्रिस्ती चित्रांचा एक संग्रह आहे. चर्चमधील चित्रांचा दर्जा पाहून अस्वस्थ झालेल्या एका श्रद्धाळू संग्राहकाच्या पुढाकाराने तो १९६० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला, आणि त्यातील चित्रे आजही गावोगावच्या चर्चमध्ये प्रदर्शनासाठी जातात. पुण्यात जन्मलेले आणि बंगळूरजवळ स्थायिक झालेले चित्रकार ज्योती साही यांची ‘दलित मॅडोना’, म्हणजे बाळ येशूसह माता मरिया, त्याच संग्रहात आहे. तिच्यात मायलेकरांचे नाते दगडी रगडा आणि त्याच्या खळग्यात बसणारा दगड यांच्या रूपात आले आहे. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवणाऱ्या आमच्या घरांना ते चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

तिथे चित्र पाहिले जाते, आपल्याकडे ते पुजले जाते, आणि या फरकामुळे तिकडची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. म्हणून पूजेसाठी चित्राची छापील प्रत द्यावी आणि मूळ चित्र काचेआड, समईपासून दूर, कोरड्या आतल्या भिंतीवर लावण्याची अट कागदावर लिहून घ्यावी. मुदत कार्तिकीपासून पाऊस सुरू होण्याआधीपर्यंत असावी, म्हणजे खानापूरच्या मुसळधार पावसात चित्रे आपल्या माडीवर असतील. भाऊ विचारतो, पूजेला लागलेला देव परत मागायचा कसा? त्यावर मला उत्तरपूजेची आठवण होते. दरवर्षी गणपतीला डोळ्यांत पाणी आणून निरोप देणाऱ्या बेळगावकरांना देवाला पाठवणे नवे नाही. चित्र उतरवतानाही मंडळाने आरती करावी, नारळ वाढवावा.

ज्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नाही तो प्रश्न म्हणजे, कन्नड मठाने किंवा मंडळाने मागितले तर काय? सीमाप्रश्नावरील माझी भूमिका परदेशात राहून बदललेली नाही. १९५६ मध्ये आमच्या गावांवर अन्याय झाला, असेच मी मानतो. तरीही त्यांना चित्र द्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण यल्लम्मेच्या डोंगरावर जाताना वडिलांनी बरोबरच्या माणसाची भाषा कधी विचारली नाही आणि त्यांनी बसवेश्वर रंगवले ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. चित्राखालची पाटी मात्र दोन्ही भाषांत असावी आणि तिच्यातील मराठी कोणी झाकू नये, ही अट मी सोडणार नाही.

पुतणीने नोंदवही घातली आहे. देताना आणि परत घेताना चित्राचे चारही कोपरे दोघांनी मिळून पाहायचे आणि सह्या करायच्या, असे तिने पहिल्याच पानावर लिहिले आहे. भावाने ते पान वाचले आणि कुंकू लागलेले तुकाराम मात्र घराबाहेर जाणार नाहीत, एवढेच सांगितले. ते मला मान्य आहे.