एक गाय, तीस एकर आणि एक टँकर

मृग तोंडावर आला की हा मेसेज फिरायला लागतो: “एक देशी गाय तीस एकरांना पुरते. जीवामृत टाका, खर्च शून्य. याच हंगामापासून युरिया बंद!” आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्याच्या गटांत तो यंदाही आला. जीवामृत मीही करतो, त्यामुळे टिंगल म्हणून हे लिहीत नाही.

आधी ते तीस एकर. जीवामृत म्हणजे महिन्यातून एकदा एकरी 200 लिटर पाण्यात आंबवलेलं 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ-बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गाय दिवसाला साधारण 10 किलो शेण टाकते. महिन्याचे दिवस तीस, म्हणून एकरही तीस! पण त्या पिंपात नत्र, म्हणजे युरियातून मिळतो तो नायट्रोजन, किती? शेण, मूत्र, बेसन सगळं धरून पाव किलोही भरत नाही. एक क्विंटल ज्वारीचे दाणेच दीड किलोच्या आसपास नत्र रानातून उचलून नेतात. बाकीचं जिवाणू हवेतून आणतात, असं मेसेज सांगतो. आणतात, खरंय, पण हे काम मुख्यतः तूर, उडीद, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत चालतं. मग तूर पेरा की! सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. तुरीचं मूळ खोल जातं आणि पाला रानातच गळतो.

“फक्त देशी गायीचंच शेण” यावर फार बोलत नाही. आमच्या आज्यानं उकिरड्यावर म्हशीचं, बैलाचं शेण कधी वेगळं काढलं नाही आणि रान काही रुसलं नाही.

आता “खर्च शून्य”. गूळ-बेसन दुकानातून येतं. तीस एकरांना दर महिन्याला 6,000 लिटर पाणी, म्हणजे एक टँकरच. तेही ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात. ढवळणं, गाळणं, ओतणं याची मजुरी तर कुणी धरतच नाही.

आणि ती गाय खाते काय? आमच्याकडे सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे हटली, तिच्याबरोबर कडबाही गेला. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जनावर खातं, पण तिला कडब्याची सर नाही. शिवाय तीच गुळी, तीच धसकटं आच्छादनालाही हवीत. गायीच्या पोटात गेलं तर जमीन उघडी, जमिनीवर टाकलं तर गाय उपाशी. दोन-तीन एकरवाल्याची खरी ओढाताण इथं आहे. ही शेती पसरवणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या मूळ पद्धतीत बीजामृत (बियाण्यावरची प्रक्रिया), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा (मातीत हवा आणि ओल यांचा मेळ) अशी चार अंगं आहेत. मेसेजवाल्यांनी पिंपात मावतं तेवढंच उचललं.

राहिला “युरिया लगेच बंद”. श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली होती. भाताचं उत्पादन घसरलं, आणि त्याच वर्षी बहुतेक बंदी मागे घ्यावी लागली. ज्याच्या घरचं वर्षाचं धान्य त्याच रानातून येतं, त्यानं असा जुगार का खेळावा?

मी यंदा बांधाकडचं अर्धं एकर रासायनिक खताविना ठेवतोय: तूर-सोयाबीन, वर गुळीचं आच्छादन, आणि हो, जीवामृतही. खरीप निघाला की त्याचं माप वेगळं करीन.